चिमुकल्या शिरेतील नळी

मोहरीच्या काढणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसे रानात असतात. अशातच एखाद्या सुनेला आठव्या महिन्यात कळा येतात, बाळ वेळेआधी जन्मते आणि घरची मंडळी ग्वाल्हेर गाठतात. आपले माधवगंज ज्या लष्कर भागात आहे, तिथेच गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले, स्त्रिया आणि मुलांसाठीचे कमलाराजा रुग्णालय आहे. अशा कोणत्याही रुग्णालयात पेटीत ठेवलेले किलो-सव्वा किलोचे बाळ पाहिले, की आजीचा जीव गलबलतो. "एवढ्याशा लेकराच्या हातात सुई का खुपसून ठेवली आहे?" हा प्रश्न आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. म्हणून या वेळी त्या नळीविषयीच बोलू या.

नळी लागते कशाला?

३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी आलेल्या बाळाला पुष्कळदा साखरपाणी आणि औषधे शिरेतूनच द्यावी लागतात. एक किलोच्या बाळाला पहिल्या दिवशी साधारण ६० ते ८० मिलिलिटर पाणी पुरते, म्हणजे तासाला जेमतेम ३ मिलिलिटर. त्याच्या सबंध अंगात रक्तच मुळी ८० ते १०० मिलिलिटर, चहाच्या एका कपाएवढे! म्हणून ते पाणी पंपाने मोजून सोडतात. "सलाईन जोरात सोडा" असा आग्रह कुणी धरू नये. रोपाला पाटाचे पाणी सोडले तर ते मुळासकट वाहून जाते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आत सुई राहत नाही

पूर्वी डोक्याच्या किंवा हाताच्या शिरेत बारीक पोलादी सुई घालून ती तशीच ठेवीत. बाळ हलले की सुई शीर फाडून बाहेर येई. आता सुईवर चढवलेली मऊ नळी शिरेत सरकवतात आणि सुई लगेच काढून घेतात. आत राहते ती फक्त नळी. पिवळ्या टोपीची २४ नंबरची आणि जांभळ्या टोपीची २६ नंबरची नळी लहान बाळांसाठी असते. नंबर जितका मोठा, तितकी नळी बारीक.

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत नाळेतील शिरेतूनही नळी घालता येते. बॉस्टनचे डॉक्टर लुई डायमंड यांनी १९४० च्या दशकात याच वाटेने नवजात बाळांचे रक्त बदलण्याची पद्धत रूढ केली. उपचार बरेच दिवस चालणार असतील, तर हातापायाच्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी लांब, केसासारखी नळी घालतात. तिचे टोक नेमके कुठे आहे, हे क्ष-किरण चित्र काढून पाहतात. ही नळी सिलिकोन किंवा पॉलियुरेथेनची असते. ती मऊ असल्याने शिरेला कमी इजा करते.

प्लास्टिकचाही विचार झाला आहे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले डीईएचपी हे द्रव्य औषधात थोडे थोडे उतरू शकते. प्राण्यांवरील प्रयोगांत नर पिलांच्या जननेंद्रियांच्या वाढीवर त्याचा वाईट परिणाम दिसला. २००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नवजात मुलग्यांसाठी शक्य तिथे दुसरे साहित्य वापरावे, असे सुचविले. मात्र त्या भीतीने आवश्यक उपचार टाळू नयेत, असेही बजावले. हे दुसरे वाक्य आपण विसरू नये.

धोका कुठे आहे?

धोके मुख्यतः दोन. पहिला, नळी शिरेतून सरकते आणि औषध मांसात झिरपते. कॅल्शियम किंवा दाट साखरपाणी असे झिरपले तर कातडी जळाल्यासारखी होते, जन्माचा व्रण राहतो. दुसरा, नळीच्या वाटेने जंतू थेट रक्तात शिरतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तो संसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणून नळी कितीही चांगली असो, तिला हात लावणारे हात स्वच्छ नसतील तर ती सुरक्षित नव्हे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात मोठ्या माणसांच्या अतिदक्षता विभागांतून हात धुणे, कातडी नीट निर्जंतुक करणे, गरज संपताच नळी काढणे असे साधे नियम काटेकोर पाळले गेले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात नळीमुळे होणारा रक्तसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटलेला दिसला. तिथे नवे यंत्र आणले नव्हते, शिस्त आणली होती.

नळी लवकर निघावी म्हणून

सर्वांत सुरक्षित नळी म्हणजे जिची गरज लवकर संपते ती. इथे आईचे काम सुरू होते. बाळाला चोखता येत नसले तरी आईने काढून दिलेले दूध तोंडातून पोटात घातलेल्या नळीने देता येते. दूध वाढले की सलाईन कमी होते. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी उभी केली, ती याच जाणिवेतून. आशियातील ती पहिली मानली जाते. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याची रीत कोलंबियातील बोगोटा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ती जन्मापासूनच सुरू करावी, असे सांगितले आहे.

घरच्यांनी काय करावे?

१. नळीची जागा फुगली, पांढरी, लाल, गार किंवा कडक झाली, अथवा हात लावताच बाळ रडले, तर तत्काळ सिस्टरांना सांगावे. संकोच करू नये.

२. बाळाला शिवण्याआधी हात साबणाने धुवावेत. बांगड्या, अंगठ्या काढाव्यात.

३. नळी ओढू नये, पट्टी सोडू नये, पंपाला हात लावू नये.

४. "ही नळी आणखी किती दिवस लागेल?" असे डॉक्टरांना रोज नम्रपणे विचारावे.

५. मूल मलूल झाले म्हणून गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून घेऊ नये. १०८ ला फोन करावा आणि वाटेत बाळ उबदार ठेवावे.

६. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे आणि ने-आण मोफत आहे. त्यासाठी म्हैस विकायला काढू नये.

रात्री उठून रोपांना पाणी पोचले की नाही हे पाहणारी माणसे आपण. पेटीतल्या बाळाच्या हाताकडेही तितक्याच जागत्या डोळ्यांनी पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.