ॲसिडिटी पोटातली, ॲसिडोसिस रक्तातला, गल्लत नको

लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास, म्हणजे पाणी चांगलेच अल्कधर्मी. आपल्या जठरातला रस दुसऱ्या टोकाला, सामू १ ते ३. रक्ताला मात्र एवढी मोकळीक नाही. त्याचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यातच राहावा लागतो. तो ६.८ च्या खाली गेला तर जीव वाचणे कठीण.

खाल्लेल्या अन्नातून शरीरात रोज आम्ल तयार होतेच. रक्तातले बायकार्बोनेट ते आधी झेलते. त्यातून होणारा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसे काही मिनिटांत बाहेर टाकतात. उरलेले आम्ल लघवीवाटे काढायचे आणि खर्च झालेले बायकार्बोनेट परत भरायचे, हे काम किडनीचे. त्याला काही तास ते काही दिवस लागतात.

म्हणूनच बुलढाणा जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यात हा विषय पुस्तकी राहत नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव तालुक्यांतल्या पूर्णाकाठच्या गावांत किडनीच्या आजारांची तक्रार वर्षानुवर्षांची आहे. खारे पाणी प्यायले की रक्तही थेट अल्कधर्मी होते, हा समज चुकीचा. मराठीत ‘क्षार’ म्हणजे मीठही आणि अल्कलीही, घोळ तिथूनच सुरू होतो. प्रत्यक्षात उलटे घडते. किडनी निकामी होत गेली की आम्ल साचते. हाच मेटाबॉलिक ॲसिडोसिस. थकवा येतो, धाप लागते, स्नायू झडतात, हाडे कमजोर होतात. सुरुवातीला तर काहीच जाणवत नाही. त्यामुळे किडनीच्या रुग्णाने क्रिएटिनिनसोबत बायकार्बोनेटही तपासून घ्यावे. ते साधारण २२ ते २८ असावे. कमी असल्यास डॉक्टर सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देऊ शकतात. पण घरातला खाण्याचा सोडा मनानेच सुरू करू नये. त्यातल्या सोडियमने रक्तदाब आणि सूज वाढू शकते.

जुलाबातही बायकार्बोनेट वाहून जाते. ओआरएसच्या पुडीत सायट्रेट असते ते याचसाठी. नुसत्या साखर-मिठाच्या पाण्यात ते नसते. सतत उलट्या झाल्या तर जठरातले आम्ल जाते आणि रक्त अल्कधर्मीकडे झुकते.

सर्वांत घाईचा प्रसंग मधुमेहींचा. इन्सुलिन चुकले आणि श्वास खोल, जलद होऊन तोंडाला फळासारखा वास येऊ लागला, तर पित्ताची गोळी देत बसू नये. रुग्णाला तडक रुग्णालयात न्यावे.