ट्रेलरवरची होडी की जड कीलची नौका?

कॅलिफोर्नियात बनलेली ‘मॅकग्रेगर 26’ ही शिडाची होडी मोटारीमागे ट्रेलरवर नेता येते. तोल सांभाळणारे पाणी ती उतरवल्यावर टाकीत भरतात, परतताना सोडून देतात. तळाची पाती वर ओढली की ती गुडघाभर पाण्यातही तरंगते. तलाव, खाडी आणि सुट्टीचे दोन दिवस यांसाठी हीच उत्तम.

‘वेस्टसेल 32’ मात्र सुमारे 9 टनांची. त्यांपैकी 3 टनांहून अधिक भार कीलचा, म्हणजे तळाच्या कण्याचा. 1991च्या अटलांटिक वादळात ‘सटोरी’ या वेस्टसेलवरील माणसांना अमेरिकी तटरक्षक दलाने उचलले; रिकामी नौका पुढे किनाऱ्याला लागली, तीही जवळजवळ शाबूत. महासागरासाठी असाच जडपणा हवा. पण तिला खोल पाणी, कायमची जागा आणि बाहेर काढायला क्रेन लागते. हा दरवर्षीचा खर्च खरेदीआधीच मोजावा.