बावडीतला ब्रह्मराक्षस : मुक्तिबोधांची धर्मशंका

1958 मध्ये, दुर्गच्या पश्चिमेला मुंबई-हावडा लोहमार्गावर असलेल्या राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले होते. हे महाविद्यालय संस्थानिकांच्या जुन्या राजवाड्यात भरत असे आणि ते संस्थानिक मूळचे वैष्णव बैरागी महंत होते. धर्मसत्तेच्या त्या वास्तूत एका मार्क्सवाद्याने अध्यापन करावे, हा योगायोग लक्षणीय म्हटला पाहिजे.

मुक्तिबोधांचा जन्म 13 नोव्हेंबर 1917 रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे मराठी कुटुंबात झाला. वडील पोलीस खात्यात होते आणि धाकटे बंधू शरच्चंद्र पुढे मराठीतले मान्यवर कवी झाले, पण गजाननरावांनी मात्र हिंदी निवडली. घरची भाषा मराठी असल्यामुळे संतपरंपरा त्यांना परकी नव्हती, आणि त्यांच्या शंकेची धार याच जवळिकीतून आली असावी. मध्ययुगीन भक्ती आंदोलनावरील 1955 च्या निबंधात त्यांनी कबीर आणि महाराष्ट्रातील संत यांचा विचार करून असे मांडले की, निर्गुण भक्ती, म्हणजे रूप आणि आकार नसलेल्या ईश्वराची उपासना, हा मुख्यतः खालच्या मानलेल्या जातींचा विद्रोह होता, तर अवतार आणि मूर्ती मानणाऱ्या सगुण भक्तीच्या आधारे उच्चवर्णीयांनी तो हळूहळू आपल्या चौकटीत बसवला. सगुण भक्तीचे कवी तुलसीदास यांनाही हा निष्कर्ष लावणे थोडे सरधोपट वाटते. तरीही ईश्वर आहे की नाही या वादात न शिरता, श्रद्धेचा लाभ कोणाला झाला, असे विचारण्याची त्यांची रीत येथे स्पष्ट दिसते.

कवितेत हाच प्रश्न त्यांनी स्वतःवर उलटवला. ब्रह्मराक्षस म्हणजे विद्वान असूनही मुक्ती न मिळालेल्या ब्राह्मणाचे पिशाच्च. त्यांच्या ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत ते शहराबाहेरच्या ओसाड बावडीत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, राहते, अंगावरचा मळ जावा म्हणून रात्रंदिवस देह घासत बसते, आणि मळ काही जात नाही. मंत्र रागाने उच्चारले जातात, तोंडून शिव्या निघतात, आणि चुकून एखादा सूर्यकिरण तळाशी पोचला तर सूर्य आपल्यालाच नमस्कार करतो आहे, असे त्याला वाटते. सोवळ्याची आणि ज्ञानाच्या अहंकाराची इतकी निर्दय थट्टा क्वचितच वाचायला मिळते. ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या कथेत गुरू जेवणाच्या पाटावरून न उठता तूप आणण्यासाठी हात थेट स्वयंपाकघरापर्यंत लांबवतो, तेव्हा शिष्याला त्याचे खरे रूप कळते. ज्ञान पात्र माणसाला दिल्याशिवाय गुरूची सुटका नव्हती, आणि आता ती जबाबदारी शिष्यावर येते.

पापक्षालन, गुरू, मोक्ष या धार्मिक कल्पना मुक्तिबोधांनी टाकून दिल्या नाहीत. त्यांतला ईश्वर बाजूला ठेवून त्यांनी त्या कल्पना माणसांच्या परस्पर ऋणाकडे वळवल्या. 1962 मध्ये त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली, पुढे 1964 च्या आरंभी पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले आणि 11 सप्टेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला. ‘ब्रह्मराक्षस’ त्यातच आहे, आणि त्या कवितेच्या शेवटी कवी त्या पिशाच्चाला हाकलून न लावता त्याचे अपुरे राहिलेले काम पुरे करण्यासाठी त्याचा शिष्य होऊ इच्छितो.