जिथे जीव गुदमरल्याचे कळतच नाही

श्वास जरा रोखून पाहा. अर्ध्या-एक मिनिटात छाती कासावीस होते आणि मनात असो वा नसो, श्वास घ्यावाच लागतो. बहुतेकांना वाटते, ऑक्सिजन संपला म्हणून जीव घाबरला. तसे नसते. तेवढ्या वेळात रक्तातला ऑक्सिजन फारसा उतरत नाही. वाढतो तो कार्बन डायऑक्साइड, शरीराने बाहेर टाकायचा वायू.

त्याच्यावर पहारा ठेवणारी जागा मेंदूच्या तळाशी, मान सुरू होते तिथे आहे. तिला लंबमज्जा म्हणतात. कार्बन डायऑक्साइड रक्तातून मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरला की ते किंचित आम्ल होते. तेवढे तिथल्या पेशींना पुरते. छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला लगेच हुकूम जातो, श्वास खोल घे, लवकर घे. विहारात आनापान करताना आपण श्वास नुसता पाहतो. तो चालवणारा पहारेकरी हा. ऑक्सिजन ओळखणाऱ्या पेशी मानेतल्या रक्तवाहिन्यांजवळ आहेत, पण त्या उशिरा ओरडतात.

आता गटाराकडे या. बंद मॅनहोलमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये ऑक्सिजन अगदी कमी असू शकतो. माणूस उतरतो, श्वास घेतो, सोडतो. सोडलेल्या श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातच असतो, म्हणून पहारेकरी गप्प. धाप लागण्याआधीच शुद्ध जाते. त्यात सडलेल्या घाणीतला हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो, वाढला की नाकच बधिर होते. माणूस म्हणतो, वास गेला म्हणजे गॅस गेला! हाच वायू जास्त झाला तर मेंदूतले श्वासाचे केंद्रच बंद पाडतो. वरच्या भावाला वाटते, चक्कर आली असेल. तो उतरतो. मग तिसरा.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार गेले. त्यांच्या पत्नी उच्च न्यायालयात लढल्या आणि २०२१ मध्ये प्रत्येकीला १० लाख रुपये देण्याचा आदेश झाला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. याला अपघात म्हणणे आम्हाला मान्य नाही. कोण उतरतो आणि कोण उतरवतो, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको.

तोंडाला रुमाल बांधून वायू अडत नाही. काडी पेटवून पाहू नका, आतला गॅस भडकतो. कोणी आत पडलाच तर मागे उतरू नका. १०१ वर अग्निशमन दलाला आणि १०८ वर रुग्णवाहिकेला फोन करा.

नागपूरच्या थंडीत असाच धोका घरात येतो. दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास, ना रंग. तो रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो, पण श्वास सुरूच असतो, त्यामुळे इथेही गुदमरल्यासारखे वाटत नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते. कोरोनात घेतलेले ऑक्सिमीटर इथे फसवते, कारण या वायूने भरलेले रक्तही त्याला ऑक्सिजनचेच दिसते. आकडा ९८ असला तरी माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, मग दवाखान्यात न्या, आणि खोलीत शेगडी होती हे डॉक्टरांना न विसरता सांगा.