समाजमाध्यमांवरची प्रसिद्धी आणि मतदारसंघ (लेखमाला : भाग ४)

सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील जून २०२२ मध्ये एका फोनमुळे महाराष्ट्रभर पोहोचले. एकनाथ शिंदे यांच्यासोबत बाहेर पडलेले शिवसेनेचे आमदार आधी सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले होते. तिथल्या हॉटेलातून बापूंनी आपल्या कार्यकर्त्याला खुशाली कळवली : ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’. ध्वनिफीत बाहेर पडली आणि पाहता पाहता तिच्यावर रील, मीम, डीजेवरची गाणी निघाली.

हे वाक्य इतके पसरण्याची कारणे त्या आठवड्यातच होती. ठाकरे सरकार राहते की पडते याकडे राज्याचे डोळे लागले होते, आणि आमदार मात्र बंद दाराआड होते. आतून आलेला हा मोकळा आवाज होता. त्या वाक्यात ना आरोप होता, ना खुलासा. होती ती माणदेशी बोलीतली निखळ खुशी. म्हणून शिंदे समर्थकांनी ते मजेने वाजवले आणि ठाकरे समर्थकांनी टोमण्यासाठी वापरले. तीन छोटे तुकडे, प्रत्येकाची सुरुवात सारखी, अशी ठेवण रीलला सोयीची पडली, हेही खरे.

त्याच वर्षी युक्रेनमध्ये मिकोलायव प्रांताचे प्रमुख विताली किम असेच देशभर ओळखीचे झाले. रशियन फौजा शहराच्या वेशीवर असताना ते मोबाइलवर छोटे व्हिडिओ काढून शांतपणे, हसतमुखाने परिस्थिती सांगत. त्यांच्या प्रसिद्धीमागे काम होते : लोकांना रोज खबर आणि धीर हवा होता, तो ते देत होते. शिवाय किम राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. त्यांना त्या जागेसाठी मते मागायची नव्हती.

बापूंना मागायची होती. सांगोल्यातून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले. १९९५ मध्ये त्यांना हरवले ते बापूंनीच, काँग्रेसकडून. त्यानंतर पुन्हा विजय मिळायला २०१९ उजाडले. तोही गणपतराव मैदानात नसताना, अवघ्या ७६८ मतांनी. त्या वेळी पाठीशी उभे राहिलेले दीपक साळुंखे २०२४ मध्ये ठाकरे गटाकडून स्वतः लढले. राज्यात महायुतीची लाट असूनही बापू हरले; गणपतरावांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख २५ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. वाक्य राज्यभर गाजले, पण ते ऐकणाऱ्यांपैकी सांगोल्याचे मतदार थोडेच. त्या थोड्यांचा हिशेब गट, घराणी आणि जुन्या निष्ठांचा होता.

परभणीचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. १९९८ चा अपवाद वगळता १९९१ पासून हा लोकसभा मतदारसंघ शिवसेनेकडे राहिला. २०२२ च्या फुटीत खासदार संजय जाधव आणि परभणीचे आमदार डॉ. राहुल पाटील ठाकरेंसोबत थांबले. दोघांचेही कुठले वाक्य राज्यभर गाजले नव्हते. २०२४ च्या लोकसभेत जाधवांसमोर राज्यभर परिचित असलेले माजी मंत्री महादेव जानकर होते, आणि जाधवांकडे नेहमीच्या धनुष्यबाणाऐवजी मशाल हे नवे चिन्ह. तरीही ते १,३४,०६१ मतांनी निवडून आले. त्याच वर्षी विधानसभेत पाटील यांनीही आपली जागा राखली.