काढायला ऊन, लावायला सकाळ
जुनी गाडी, घरचा हात : लेखांक ९

देऊळगाव राजात पंधरा-वीस वर्षांची एखादी गाडी उभी दिसली की तिच्या दरवाजाच्या काचेच्या तळाशी नजर टाका. काचेला बाहेरून बिलगून बसणारी काळी रबर पट्टी बहुतेक वेळा तडकलेली असते, नाहीतर टोकाला उचललेली, नाहीतर अर्धी गायब. जो मालक ऑइल वेळेवर बदलतो, टायरची हवा आठवणीने तपासतो, तोच मालक ही पट्टी शोभेची म्हणून सोडून देतो. मला हे पटत नाही. गाडीच्या बाहेरच्या पट्ट्या, बिडिंग, वायपरखालची जाळी यांतली बरीचशी पाणी आणि धूळ अडवायला बसवलेली असते. ती गेली की आतला पत्रा उघडा पडतो. पाचशे-हजाराची पट्टी टाळणाऱ्याला पुढे दरवाजाच्या डेंटिंग-पेंटिंगचा खर्च पडतो, तो त्याच्या कितीतरी पट असतो.

दरवाजात पाणी शिरतं कसं, ते आधी समजून घ्या. काच वर-खाली व्हायची तर दरवाजाच्या वरच्या कडेला फट ठेवावीच लागते. पट्टी ती फट शक्य तितकी बंद करते, काचेवरून ओघळणारं पाणी बाहेर ढकलते. तरीही थोडं आत जातंच, आणि ते बाहेर पडावं म्हणून दरवाजाच्या खालच्या कडेला लहान भोकं ठेवलेली असतात. पट्टी फाटली की पाण्याबरोबर मातीही आत जाते. आपल्या भागातली काळी माती ओली असताना चिकट आणि वाळली की दगडासारखी घट्ट. ती भोकात जाऊन बसते आणि पाणी दरवाजातच साचतं. मग एका पावसाळ्यात खालच्या कडेला रंगाचे फोड येतात आणि पुढच्या पावसाळ्यात बोट दाबलं तर पत्रा आत जातो.

म्हणून हे काम मृग निघायच्या आत उरकायचं. आश्विनातल्या बालाजीच्या यात्रेआधी आणि दसऱ्याच्या पूजेआधी गाडी चकाचक करायची आपल्याकडे रीत आहे, ती चांगलीच आहे. पण तोवर सगळा पावसाळा दरवाजात शिरून गेलेला असतो. पॉलिश दसऱ्याला करा, पट्टीचं काम मे महिन्यात.

मारुती ८०० चंच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे जुनी गाडी म्हणजे अजूनही पुष्कळदा तीच. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली, १८ जानेवारी २०१४ रोजी शेवटची तयार झाली आणि या तीस वर्षांत देशात २५ लाखांहून जास्त विकल्या गेल्या. इतकी खपलेली गाडी असल्यामुळे तिची पट्टी जालना किंवा संभाजीनगरच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानातून मागवता येते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचं तसं नाही. ती शतक बदलताना बंद पडली, आणि आज तिच्या क्रोमच्या पट्ट्या मिळवणं हाच एक उद्योग आहे. तुमच्याकडे पद्मिनी असेल तर वाकलेली पट्टीसुद्धा भंगारात घालू नका. लाकडाच्या ठोकळ्यावर, रबरी हातोडीने, हळूहळू ती सरळ करता येते.

दुकानात जाताना आरसी बुक सोबत न्या आणि चेसिस नंबर सांगा. नुसतं मॉडेल सांगून भागत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक बारीक बदल झालेले असतात. डावी-उजवी, पुढची-मागची हेही स्पष्ट सांगा. कंपनीची पट्टी आणि लोकल पट्टी शेजारी ठेवली तर दिसायला सारखीच. फरक हाताला कळतो. रबर दुमडून सोडा. चांगलं रबर लगेच सरळ होतं, हलक्या मालावर पांढुरकी घडी राहते. काचेला टेकणाऱ्या ओठावर मखमलीसारखी मऊ कड आहे का, तेही बघा. ती नसेल तर काळ्या मातीचा एखादा कण अडकून काचेवर उभे ओरखडे पडत जातील. आणि क्लिपा? त्या मागितल्याशिवाय मिळत नाहीत. जुन्या नायलॉनच्या क्लिपा उन्हाने ठिसूळ झालेल्या असतात, काढताना निम्म्या तुटतातच. पट्टीबरोबर दहा-बारा क्लिपा जास्त घ्या.

आता काढण्याचं काम. काच पूर्ण खाली घ्या. दरवाजाच्या रंगावर, पट्टीलगत, कागदी मास्किंग टेपचे दोन थर लावा. पट्टीच्या एका टोकापासून प्लास्टिकची चपटी पट्टी किंवा निकामी झालेलं एटीएम कार्ड आत सरकवून क्लिप सापडेपर्यंत चाचपा, आणि क्लिपेच्या अगदी जवळच उचला. मधेच ओढलं की पट्टी वाकते आणि दरवाजाची कडही वाकते. वाकलेल्या कडेवर नवी पट्टी कधीच नीट बसत नाही. स्क्रू-ड्रायव्हर वापरायचाच झाला तर टोकाला कापडाचे वेढे द्या.

पट्टी निघाली की घाईघाईने नवी बसवू नका, कारण खरं काम इथून पुढे आहे. दरवाजाखालची भोकं शोधा आणि तांब्याची मऊ तार आत घालून मोकळी करा. वरून फटीतून तांब्याभर पाणी ओता. ते सगळं खालून बाहेर येईपर्यंत, आणि गढूळ न राहता स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवायचं. मग क्लिपांच्या जागा बघा. जिथे रंगाखाली तांबूस कड दिसते तिथे गंज आहे. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, नंतर २४० नंबरने कडा सपाट करा. खड्ड्यात उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंजरोधक लावा, बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतकं थांबा. मग प्रायमरचे दोन हात आणि गाडीच्या रंगाचा टच-अप. हातमोजे घाला, काम उघड्यावर करा. रंग पूर्ण वाळल्यावरच क्लिप दाबायची.

गंजलेल्या जागी हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन भरून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची सर्रास चाललेली चूक. ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून वाळताना ॲसेटिक आम्ल सुटतं आणि ते उघड्या पत्र्याला खातं. बाहेरून फट बंद दिसते, आतून गंज वाढत राहतो. सीलंट लावायचाच असेल तर आम्लरहित सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचा घ्या, आणि तोही रंगावर, उघड्या लोखंडावर नाही.

नवी पट्टी बसवणं काही मिनिटांचं काम आहे. क्लिपा जागेवर टेकवून एका टोकाकडून तळहाताने दाबत जा, प्रत्येक क्लिपेचा 'टक्' आवाज ऐका. काच दोन-चारदा वर-खाली करून बघा.

दरवाजाच्या मधोमध लागणारी आडवी बिडिंग मात्र वेगळी असते. बहुतेक गाड्यांत ती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या टेपवर बसवलेली असते, आणि सगळ्यात जास्त बिघडलेली घरची कामं मी याच जागी पाहिली आहेत. चार दिवसांत एक टोक सुटतं, आठवड्यात बिडिंग लोंबते. दोष टेपला दिला जातो. खरा दोष उन्हाचा आणि बोटांचा.

मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावून ठेवता येत नाही. जुनी बिडिंग काढायला हे ऊन फार सोयीचं आहे, हेअर ड्रायर लागतच नाही. गोंद मऊ झालेला असतो. आधी बिडिंगच्या वरच्या कडेला मास्किंग टेपची सरळ रेघ मारून ठेवा, म्हणजे नवी कुठे लावायची ते कळेल. मासेमारीची नायलॉनची तंगूस बिडिंगच्या मागे घालून करवतीसारखी पुढे-मागे ओढत न्या. उरलेला गोंद अंगठ्याने चोळून गोळ्या करून काढा, चिवट राहिला तर टर्पेंटाइनच्या बोळ्याने. थिनर नको. जुन्या गाडीवर कधी ना कधी स्थानिक रंगकाम झालेलं असतं आणि थिनर तो रंगच उचलतो.

नवी लावायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी, सावलीत. थ्रीएमच्या व्हीएचबी टेपसाठी कंपनी २१ ते ३८ अंश तापमान योग्य सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात तापलेला पत्रा याच्या कितीतरी वर असतो, म्हणून सकाळचीच वेळ गाठायची. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं. हे अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतं. पाणी बॅटरीत टाकायचं शुद्ध घ्या, ॲसिड नव्हे. बोअरच्या जड पाण्याचे क्षार पत्र्यावर राहतात. एकदा पुसलं की त्या जागेला बोट लावू नका, आणि टेपच्या चिकट बाजूलाही नाही. बिडिंग साध्या काळ्या पॉलिप्रॉपिलीनची असेल तर त्यावर टेप मुळातच धरत नाही. तिला आधी टेपबरोबर मिळणारा प्रायमर लावावा लागतो.

दाबायचं जोर लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ही टेप हवेने वाळत नाही, दाबाने पृष्ठभागात मुरते. साधारण २० मिनिटांत निम्मी ताकद येते, २४ तासांत नव्वद टक्के, ७२ तासांत पूर्ण. तेवढे तीन दिवस गाडी धुऊ नका.

घाई केली तर काय होतं ते सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर चढल्यावर कळतं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. चिखलीच्या रस्त्यावर ताशी ६० ने जाताना जी बिडिंग नुसती फडफडते, तिच्यावर १२० ला चौपट जोर येतो. सुटलेली बिडिंग मागच्या गाडीच्या काचेवर जाते. ढिली पट्टी घेऊन महामार्गावर जाऊ नका. काढून डिकीत ठेवलेली बरी.

पांढरे पडलेले काळे बंपर आणि वायपरखालची जाळी यांच्यावर डिझेल किंवा जळकं ऑइल पुसायची सवय गावोगाव आहे. त्याने दोन दिवस काळेपणा येतो, त्यावर धूळ बसते, आणि तेल शेजारच्या रबरावर उतरतं. गाडीच्या दारांना लागणारं रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं. ऊन-पाऊस ते छान सोसतं, पण खनिज तेलाने फुगतं आणि सैल पडतं. रबराला आणि प्लास्टिकला पाण्यात मिसळणारं सिलिकॉनचं ड्रेसिंग वापरा. डिझेल नकोच.

बंपर उतरवायचा असेल तर नंबर प्लेटचं भान ठेवा. हाय सिक्युरिटी प्लेट न उघडणाऱ्या लॉकने बसवलेली असते. ती उचकटू नका, प्लेटसकट बंपर सोडवता येतो का ते आधी बघा. क्रोम उडालेला जुना बंपर घरी नीट होत नाही. तांबं, निकेल आणि वर क्रोमचा अगदी पातळ थर असं ते काम असतं, आणि त्यातली रसायनं विषारी. ते प्लेटिंगवाल्याकडेच द्या. पुढची काच धरणारं रबरही घरी बदलू नका. काच तडकली तर वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट पैसे जातील.

पुढच्या आठवड्यात वायपरखालची जाळी आणि तिच्या खालून केबिनमध्ये शिरणारं पाणी. तोवर तुमच्या गाडीच्या चारही दरवाजांखालची भोकं तारेने मोकळी करून ठेवा. त्याला पार्टही लागत नाही आणि पैसाही नाही.