जिथे ठिणगी चालत नाही

ऑप्टिकल फायबरचा तंतू 125 मायक्रॉन जाड असतो. लांब पल्ल्याच्या तंतूत प्रकाश ज्यातून धावतो तो गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. तुटलेली केबल जोडायची म्हणजे असे दोन गाभे नेमके समोरासमोर आणायचे. आवरण सोलायचं, अल्कोहोलनं तंतू पुसायचा, क्लीव्हरनं काटकोनात कापायचा. मग स्प्लायसरमधले कॅमेरे दोन्ही टोकं जुळवतात, इलेक्ट्रोडमध्ये विजेची ठिणगी पेटते आणि काच वितळून एकजीव होते. जोड चांगला साधला तर प्रकाशाचा लॉस 0.05 डेसिबलच्याही आत राहतो.

पण हीच ठिणगी मॅनहोलमध्ये किंवा कोळशाच्या खाणीत जिवावर बेतू शकते. हवेत मिथेन साधारण 5 ते 15 टक्के असला की एवढंसं निमित्त स्फोटाला पुरतं. गटाराचा वायू, झिरपलेलं पेट्रोल, सगळं खड्ड्यात साठतं. म्हणून आधी वायूमापक आत सोडायचा, मग माणूस. ठिणगी चालणारच नसेल तर यांत्रिक जोड वापरतात: बारीक खाचेत दोन टोकं भिडवायची, मधे काचेइतकाच अपवर्तनांक असलेलं जेल. उष्णता नाही, मात्र लॉस जास्त.

खरा उपाय याहून साधा आहे. केबल टाकतानाच मॅनहोलमध्ये काही मीटरचा लूप सोडायचा, म्हणजे जॉइंट वर काढून गाडीत किंवा तंबूत बसून काम करता येतं. कौतुक महागड्या स्प्लायसरचं होतं. माझ्या मते ते लूप सोडणाऱ्याचं व्हायला हवं. केबलचे पैसे वाचवायला लूपच न सोडणारे ठेकेदार पुढच्या माणसाला खड्ड्यात उतरवतात, अगदी शब्दशः.

वर आलं म्हणजे निभावलं असंही नाही. वाऱ्यानं ठिणगी हलते, म्हणून तंबू. लडाखसारख्या उंचीवर हवा विरळ, तिथे ठिणगीचा जोर नव्याने जुळवून घ्यावा लागतो. तंतूचे कापलेले तुकडे डोळ्यांना सहज दिसत नाहीत आणि कातडीत रुततात. ते झाकणाच्या डबीत जातात, आणि जेवणाचा डबा तिथे उघडायचा नाही. तंतूच्या टोकाकडे डोळा लावून पाहणं तर नकोच, आतला लेझर अवरक्त असतो, दिसत नाही.

क्लोजर, म्हणजे जोडांची पेटी, बंद करण्याआधी ओटीडीआर या मापकावर लॉस तपासतात. तो जास्त निघाला तर जोड कापून पुन्हा करायचा. पेटीतल्या ट्रेमध्ये प्रत्येक तंतूची जादा गुंडाळी ठेवतात ती त्यासाठीच.